पांढरीचा क्लच

रवि., ९ ऑक्टोबर २००५. दुपारी ३:४०

पांढरीच्या खाली गोणपाटावर उताणा पडून, क्लचच्या घराला खालून जे भोक असतं त्यात बोट घातलं. बोटाला काळी भुकटी लागली आणि भुकटीत रुई. गाडी चार वर्षं जिनिंगच्या आवारात उभी असायची, रुई अजून कुठूनही निघते. वास जळक्या शेंगदाण्यासारखा. म्हणजे प्लेट संपली.

भिया बाजूला उकिडवा बसून विचारत होता, काय दिसते. म्हटलं, काही राहिलं नाही. त्याला वाईट वाटायला पाहिजे होतं, तो खूश झाला. म्हणाला, “मंग इंजिनात दम हाय म्हणायचा.”

घरी आम्ही आमची बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, भावाला भिया, आईला याडी म्हणतो, पण गाडीची गोष्ट निघाली की भिया वऱ्हाडीवर येतो. अकरा वर्षं शेठजींची गाडी चालवली, ती सगळी त्याच भाषेत.

मंगळ., ११ ऑक्टो.

दुकानात तीन गिऱ्हाइकं. त्यातलं एक पेट्रोल पंपाचा रस्ता विचारायला. उद्या दसरा, एरवी या दिवसांत पुसदला ट्रॅक्टरचे पार्ट पुरत नाहीत. मालक खुर्चीतच झोपले. उठल्यावर माझी उलटतपासणी. जिनिंग बंद पडली तेव्हा बाकीचे थकलेल्या पगारासाठी भांडले, तुझ्या भावाने पगाराऐवजी शेठची जुनी गाडी कशी घेतली? घेतली ती घेतली, तिचं पेट्रोल इंजिन काढून हे टर्बो डिझेल कोणत्या शहाण्याने बसवलं?

शहाणा म्हणजे रशीदचाचा, मोटर स्टँडमागचे मिस्त्री. (पुढे र.चा. लिहीन.) इंजिन नागपूरच्या भंगारातलं. डिझेल सोडणाऱ्या पंपाचा स्क्रूही वाढवलेला. मूळच्या दुप्पट ताकद. भियाची हौस एकच: वाशीम रस्त्याचा घाट टॉप गिअरमध्ये चढायचा, याडीला मागच्या सीटवर बसवून. तो घाट याडी लहानपणी बापाच्या बैलांमागे पायी चढली आहे.

मालकांनी बिलावर ‘कल्च’ लिहिलं होतं. खोडून ‘क्लच’ केलं. गिऱ्हाइकं ‘कलच’ म्हणतात, भियाही तेच. बोलताना काही म्हणा. माझी शाळा अकरावीत सुटली, शुद्धलेखन सुटलं नाही.

गुरु., १३ ऑक्टो.

काल पांढरीला ढकलत अंगणाच्या मधोमध आणलं आणि हार घातला. आज र.चां.च्या फळीवर क्लचचे तीन सेट मांडून पाहिले.

मूळ कंपनीचा: मऊ. पेडल अंगठ्याने दबेल. पण हे इंजिन त्याला महिन्याभरात जाळणार, एकदा जाळलाच आहे. दुसरी बटन प्लेट. तिला अस्तराऐवजी धातूच्या सहा टिकल्या. पकडली की सोडत नाही, पण गाडी हिसका मारून उचलते. म्हातारं माणूस मागे बसवायची सोय नाही. तिसरा दिल्लीहून आलेला. प्लेट साधीच, अस्तर जाड, पण तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट कडक स्प्रिंगची. पकड चांगली, गाडी उचलेल मऊ. फक्त पेडल जड.

मी परत परत हातात घेऊन पाहत होतो. र.चा. म्हणाले, नवरी पाहायला आलास का. भिया बाहेर चहा पीत होता. त्याला विचारलं, जड चालेल का, रोज दाबायचा तुला आहे.

“जडच टाक बे. पाय कायले देल्ले देवानं?”

रवि., २३ ऑक्टो.

दिल्लीचा बसला. र.चा., मी, दिवसभर. फ्लायव्हील, म्हणजे प्लेट जिच्यावर दबते ती चकती, घासून घेतलं, नवीन बेअरिंग, केबल नवीन. क्लचच्या घरातली सगळी रुई काढली, पिशवीभर निघाली. याडी म्हणाली, टाकू नको, वाती होतील. तेलकट आहे म्हटल्यावर म्हणाली, मग तर अजूनच बरं.

भिया लगेच घाटाकडे निघाला होता. मी किल्ली काढून घेतली. नवीन अस्तर आधी फ्लायव्हीलवर घासून बसावं लागतं, पाचशे किलोमीटर हळू चालवायची, घाट नाही, ओझं नाही. नाहीतर हाही जळेल. तो र.चां.कडे बघायला लागला. र.चां.नी माझी बाजू घेतली.

ठरलं, पाचशे झाले की घाट. याडीला सांगून टाकलं त्याने.

रवि., १३ नोव्हेंबर

३१२ किमी. दिवाळीत नेरला जाऊन आला, त्यात बरेच झाले. पकड पक्की, वास नाही, आवाज नाही. पण भिया म्हणतो, “कलच जड लागून राह्यला.”

म्हटलं, जडच आहे तो. म्हणाला, तसा नाही. पहिल्या दिवशी होता त्याहून जड.

केबलला तेल दिलं. म्हणाला, थोडं बरं आहे. मी खूश. आता वाटतं माझं मन राखायला म्हणाला.

रवि., २० नोव्हें.

र.चां.ना दाखवला. त्यांनी हाताने पेडल दाबून दाखवलं. मी पायाने दाबलं. काही नाही. भियाने दाबलं आणि तोंड वाकडं केलं. र.चा. म्हणाले, “देविदासभाऊ, शेठच्या एसीत बसून बसून पाय लोण्याचे झाले तुमचे.” भिया सगळ्यांत मोठ्याने हसला. घरी येताना जिनिंगच्या बंद फाटकासमोर गाडी बंद पडली. क्लच अर्धाच दाबला गेला होता.

सेट मी निवडला. म्हणजे मीच चुकलो असणार. स्प्रिंग कुठे अडकते का, बेअरिंग ढकलणारा फाटा वाकला का, डोक्यात तेच.

रवि., २७ नोव्हें.

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजावं. याडीकडे कापूस वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजायचा लटकता काटा आहे, स्प्रिंगचा, पन्नास किलोचा. औंदा दोनच वेचण्या झाल्या, काटा खुंटीवरच होता. पेडलला दोरी बांधली, समोरच्या पत्र्याच्या भोकातून इंजिनाच्या बाजूला काढली, टोकाला काटा, आणि ओढला. पेडल तळाला गेलं तेव्हा काटा १९ वर. तीन वेळा. १९.

लिहून ठेवलं. आता वाढला तर कळेल.

याडी म्हणाली, गाडी किती भरली? म्हटलं एकोणीस. म्हणाली, चांगली वेचली.

रवि., ११ डिसेंबर

भिया म्हणतो अजून जड झाला. परत मोजला. १९.

काट्यावर संशय आला. दुकानातून दहा किलोचं वजन आणून लटकवलं. काटा बरोबर दहा दाखवतो. तरी बेअरिंग बदललं, फाट्याला ग्रीस. परत १९. भियाला बसवलं. त्याने दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा डावा हात गुडघ्यावर ठेवून पाय खाली ढकलला. मी पाहिलं हे त्याला कळलं. म्हणाला, “तुह्या काट्याले काय कळते.”

बुध., १४ डिसें.

वहिनीने मला मागच्या दारी बोलावलं. हातात भियाची डावी चप्पल. म्हणाली, ही मोरीपाशी होती. काल दाराबाहेर, परवा नळावर. पायातून निघते आणि त्याला कळतच नाही, तसाच चालत जातो. तुम्ही दोघं त्या गाडीचं काय ते सारखं दाबून पाहता, एकदा त्यांचा पाय पाहा ना.

मी चप्पल हातात घेऊन पट्टा ढिला आहे का बघितला. ढिला नव्हता.

रवि., १८ डिसें.

पाय मोजला. भियाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. काटा सीटमागच्या नळीला बांधला, पट्टा त्याच्या पावलाला. ढकल म्हटलं. आधी उजवा. काटा पन्नासला जाऊन अडला, अजून ताकद होती. मग डावा.

२१.

तो म्हणाला, “किती?” म्हटलं, एकवीस. तो म्हणाला, “मंग दोन किलो शिल्लक हाय की.”

पेडल इतक्यांदा मोजलं. पायाचं सुचायला चप्पल लागली.

बुध., १८ जानेवारी २००६

नागपूरहून आत्ता आलो. पुसदच्या डॉक्टरांनी कमरेची नस म्हणून पंधरा दिवस इंजेक्शनं दिली होती. नागपूरला सुया टोचून यंत्रावर रेघा काढल्या. डॉक्टरांनी भियाला विचारलं, पहिल्यांदा कधी जाणवलं. भिया म्हणाला, “कलच बदलला तवापासून.” डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

नाव एका चिठ्ठीवर मागून घेतलं, चुकू नये म्हणून. मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूतून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसा सुकत जातात. आधी एक पाय, मग पुढे. औषध आहे, पण ते थांबवायचं नाही, हळू करायचं. किती हळू ते सांगत नाहीत. ‘पुढे’ म्हणजे काय ते मला बाहेर बोलावून सांगितलं. इथे लिहीत नाही.

बसमध्ये भियाने चिठ्ठी मागितली. वाचली. म्हणाला, “पाह्य बे, आजारबी भेटला तं मोटरवाला.” मी खिडकीकडे तोंड केलं. कळंबपर्यंत तसाच बसलो.

रवि., २९ जाने.

डावा पाय १६. पेडल १९.

तरी चालवतो. डाव्या हाताने गुडघा दाबतो आणि त्याच हाताने गिअर टाकतो. तेवढा वेळ पाय पेडलवरून घसरतो. काल बाजारात भाजीच्या गाड्यापासून हातभर अंतरावर थांबला. ५०० किमी कधीच पूर्ण झाले आहेत. ६८०. घाटाचं कोणी काढत नाही.

र.चा. आले होते. अंगणात बसून हळूच म्हणाले, पंपाचा स्क्रू कमी करू, इंजिनाची ताकद उतरवू, मग मूळचा मऊ सेट चालेल, अंगठ्याने दबेल. सगळ्यांना पटलं. भियाने ऐकून घेतलं. म्हणाला, “तिचा दम काढून घ्यान तं मंग गाडी काय अन् मी काय, दोघंबी सारखेच.”

र.चां.नी चहा तसाच ठेवला आणि गेले.

मंगळ., ७ फेब्रुवारी

रात्रंदिवस एकच हिशेब. पकड तीच हवी आणि पेडल हलकं हवं. प्लेट मोठी केली तर स्प्रिंग मऊ चालते, जास्त जागेवर पकड बसते. पण मोठी प्लेट म्हणजे मोठं फ्लायव्हील. मालकांच्या फोनवरून नागपूरच्या चार दुकानांना विचारलं. एकाकडे आहे, फ्लायव्हीलसकट, मुंबईहून मागवून देईन म्हणाला. फाट्याचा दांडाही लांब करता येईल. सगळं धरून पेडल ११ वर येईल असं माझं गणित. दुकानदाराला तीनदा विचारलं, याहून हलकं होईल का. तो वैतागून म्हणाला, अहो, पायाने दाबायचंय की करंगळीने?

मालकांनी आगाऊ पैसे दिले. मी मागितले नव्हते. एरवी उधारीचं नाव काढलं की ते देवाच्या तसबिरीकडे बघतात. यायला चार आठवडे.

रवि., २६ फेब्रु.

डावा १२. अकरा लागतील. एक किलो आहे हातात.

भियाला सांगितलं नाही. त्यानेच विचारलं. सांगितलं.

शनि., ११ मार्च

पार्सल आलं. लाकडी पेटी, पट्ट्या, वर लाखेचं सील. दुकानदाराची अट: सील फोडलं नाही तर ३० जूनपर्यंत परत. हमालाबरोबर घरी आणलं. भिया खाटेवर होता. म्हणाला, उघड. म्हटलं, उद्या पाय मोजू, मग उघडू.

रवि., १२ मार्च

८.

पेटी माझ्या खाटेखाली ढकलली. पेटी ओढायला दोघं लागले होते, ढकलताना मी एकटाच होतो. कशी गेली कळलं नाही.

बुध., २२ मार्च

दुकानात ड्रायव्हिंग स्कूलवाला केबल घ्यायला आला. केबल नेहमीपेक्षा लांब मागत होता. का म्हणून विचारलं तर म्हणाला, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरं पेडल असतं ना, डावीकडे. शिकणारा गडबडला की आम्ही दाबतो.

मी केबल मोजायची विसरलो. त्याने दोनदा हाक मारली.

घरी येऊन सांगितलं. भिया छताकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे मी चालवीन अन् कलच तू.” म्हटलं, हो. “मंग हलका कायले पाह्यजे? पाय तं तुहा हाय. जडच राहू दे.”

रवि., २६ मार्च

र.चां.नी दुसरं पेडल बसवलं, ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीचं, दांड्याने जोडलेलं. मजुरी विचारली तर मला म्हणाले, तू जरा बाजूला हो, मला वेल्डिंग करायचंय. वेल्डिंग संपलं होतं.

भियाचा उजवा पाय मोजला. काटा पन्नासला जाऊन अडला. बरं वाटलं.

रवि., २ एप्रिल

सराव. जिनिंगच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर. तो म्हणतो “दाब”, मी दाबतो. तो गिअर टाकतो, म्हणतो “सोड”. पहिले दहा वेळा गिअर कुरकुरला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो म्हणाला, माह्या तोंडाकडं नको पाहू, इंजिन ऐक. दुपारपर्यंत जमलं. ‘दाब’ पुरं व्हायच्या आत पाय खाली जायला लागला.

बाजारातून आणली. लोक बघत होते, ड्रायव्हर मोठ्याने हुकूम सोडतो आणि बाजूचा मुकाट बसलेला. भिया खुशीत होता. म्हणाला, “दाब म्हटलं का दाबते, सोड म्हटलं का सोडते. बायको एवढं ऐकते का बे?” वहिनी मागेच बसली होती. म्हणाली, “बायकोले सांगून पाह्यलं का कधी? डायरेक गाडीच उचलून आणली.”

सगळे हसलो. घरात खूप दिवसांनी.

रवि., ९ एप्रिल

सकाळी सहाला निघालो. भियाला मी आणि वहिनीने उचलून सीटवर बसवलं, त्याने त्याचं काही वाटू दिलं नाही. मागे याडी, वहिनी. याडीने नवीन लुगडं, कवड्यांची पिशवी.

घाटाच्या पायथ्याशी सडकेची मोरी आहे तिथे तो म्हणाला, “दाब.” दाबला. टॉप टाकला. “सोड.” सोडला. आता वरपर्यंत मला काम नाही, प्लेट धरेल तर. पाय पेडलवर टेकवायचाही नाही, नाहीतर ती घसरते. नुसता वर अधांतरी धरून बसलो.

पहिलं वळण. दुसरं. इंजिनाचा आवाज खाली खाली यायला लागला, गाडी थरथरली. तिसऱ्या वळणावर पुढे कापसाच्या गाठींचा ट्रक, बैलाच्या चालीने. मला वाटलं आता म्हणेल दाब. म्हणाला नाही. ट्रकवाल्याने हात दाखवून पुढे बोलावलं. भियाने उजवा पाय पूर्ण दिला. प्लेटने धरलं. सीटच्या पाठीतून कळतं ते, इंजिनाचा जोर न सांडता चाकापर्यंत गेलेला. याडी मागून बोलत होती, इथे बैल पाणी प्यायचे, इथे माझ्या भावाला विंचू चावला, इथे बाप बसायचा. तिला टॉप गिअरचं काही माहीत नाही. गाडी कशी चढते म्हणून विचारलं तर म्हणाली, बैल थांबायचे, ही थांबली नाही.

माथ्यावर आंब्याखाली गाडी घेतली. “दाब.” दाबला. त्याने गिअर मोकळा केला आणि समोर बघत बसला. खाली पुसदकडचं सगळं दिसत होतं. सोड म्हणायचं राहिलं. मी दाबूनच धरला. थोड्या वेळाने त्याचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

“सोड ना बे. चढलो आपण.”

मग त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला. हात हलका लागला. पान पडावं तसा.

उतरताना एक गोष्ट मनात आली, लिहून ठेवतो. दिवसभरात शंभरदा तरी एकोणीस किलो दाबले. मला जड लागले नाहीत. जरासुद्धा नाहीत.

रवि., ७ मे

‘दाब’ नीट येत नाही त्याला. ‘द’ म्हणताना जीभ दाताला लागते, त्याची आता लागत नाही. ‘आब’ असं काहीतरी होतं. लिहायचं तर तसं लिहावं लागेल. मी ‘दाब’च लिहिलं.

आता बोटाने चालतं. गिअरच्या दांडीवर हात, बोट वर म्हणजे दाब, खाली म्हणजे सोड. गावातल्या गावात दोन फेऱ्या मारल्या.

रवि., २८ मे

उजवा पाय मोजला. काटा पन्नासला गेला नाही. ३४.

भियाने किल्ली स्वतःच वहिनीकडे दिली. तिने काट्याच्या खुंटीला लावली.

रवि., ११ जून

मारेगावचा एक माणूस गाडी बघायला आला. मी बोलावला नव्हता, र.चां.नीही नाही. घाटात ट्रकवाल्याने पाहिली होती म्हणे, त्याच्याकडून ऐकून आला. बोनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. आकडा सांगितला, कमी नाही. म्हणाला, दुसरं पेडल काढून द्या म्हणजे झालं. तेवढं बोलून फाटकाबाहेर बिडी ओढत उभा राहिला.

भिया ओसरीवर खुर्चीत होता, सगळं ऐकत. मी त्याच्यापाशी बसलो. विचारलं, काय करायचं.

त्याने बघितलं माझ्याकडे. गाडीकडे बघितलं. मग बोलला. एकच अक्षर.

मला नुसता ‘ए’ ऐकू आला. ‘दे’ असेल. देऊन टाक. किंवा ‘ने’. मले ने. दोन्ही अक्षरांना जीभ दाताला लागते.

मी म्हटलं, काय? त्याने परत म्हटलं. तसंच.

मान हलवता येते त्याला. ‘दे म्हणतोस का’ विचारलं असतं तर हो-नाही कळलं असतं. दोन शब्दांचं काम. मी विचारलं नाही. बाहेर जाऊन त्या माणसाला म्हटलं, महिनाअखेरीला सांगतो.

परत आलो तर भियाची डावी चप्पल खुर्चीखाली पडली होती. घातली त्याच्या पायात. त्याचे डोळे मिटलेले होते, झोपला नव्हता.

बुध., १४ जून. सकाळी ७:२०

पांढरी चालू करून दहा मिनिटं उभी ठेवली, बॅटरी उतरू नये म्हणून. भियाची खुर्ची ओसरीवरून तिच्या तोंडासमोर आणली. तो ऐकत होता. मग बंद केली.

वहीत हिशेब मांडला.

दिल्लीचा जड सेट, बेअरिंग, केबल, फ्लायव्हील घासणावळ: ६,१५०. दिले.
मुंबईचा हलका सेट, फ्लायव्हीलसकट: ८,४००. मालकांनी भरले. पगारातून ३,००० फिटले. देणे ५,४००.
दुसरं पेडल, जुनं: ६५०. दिले.
र.चां.ची मजुरी, तीन वेळची: सांगत नाहीत. देणे लिहिले, आकडा नाही.
हलका सेट परत केल्यास येणे, नेण्या-आणण्याचे ५०० कापून: ७,९००. मुदत ३० जून. सील तसंच आहे.
पांढरीचे येणे: रकाना आखला, कोरा ठेवला.